म्हातारी काही उडेना

सकाळचे साडेआठ वाजले होते. धुतलेले कपडे मशीनमध्येच मुटकुळं करून पडले होते, ओट्यावर दूध निवत होतं, आणि सासूबाई कपाळावर चढवलेला चष्मा घरभर शोधत होत्या. धाकटीचं कशाकडेच लक्ष नव्हतं. खिडकीजवळच्या टेबलाशी ती टॅबमध्ये मान घालून बसली होती. वय बेचाळीस, कानामागे केस पिकलेले. पण या घरात आली तेव्हा मोठी जाऊ आधीच होती, म्हणून ही धाकटी ठरली. मोठी जाऊ पुढे परगावी गेली, तरी ही आपली धाकटीच राहिली.

तिचं काम पुस्तकांची मुखपृष्ठं काढायचं. रंगांच्या बाटल्या नाहीत, पाण्याचं भांडं नाही. काचेवर पेन फिरवायचं. उडते राजवाडे, बोलकी झाडं, आग ओकणारे सर्प, सगळं त्या वीतभर चौकोनात. पण गेलं वर्षभर मुखपृष्ठं येईनाशी झाली होती. औषधांच्या दुकानांची पत्रकं करता करता तिचा जीव आंबून गेला होता. अशात हे काम आलं, तेही तीन ओळींच्या निरोपावर: 'ढगांवरचं शहर. म्हातारी उडत येते. छोटी मुलगी तिच्या केसांना धरून लोंबकळते.' गोष्ट अजून टाइप व्हायची होती म्हणे.

शहर तीन दिवसांत झालं. म्हातारीपाशी मात्र जे गाडं अडलं ते अडलंच. एकोणीस दिवसांत अकरा म्हाताऱ्या काढून झाल्या. जाड काढली की ती धपकन पडायची. बारीक काढली की दवाखान्यात निघाल्यासारखी दिसायची. पंख लावून पाहिले, तर कोंबडी झाली.

"हिला कुणी ढकललं गं?" चष्मा एकदाचा सापडल्यावर सासूबाईंनी खांद्यावरून डोकावून विचारलं.

"ढकललं नाही, उडतेय ती."

"कसली उडतेय, बिचारी! आणि नाक माझं का लावलंयस?"

"तुमचं कुठे लावलं?"

"मला नको सांगूस. आरशात रोज बघते मी ते."

एरवी धाकटी हसली असती. पण सकाळी सातलाच प्रकाशकांच्या ऑफिसातून मेसेज आला होता: 'आज पाचपर्यंत आलं तर ठीक, नाहीतर दुसऱ्यांना देतोय. राग मानू नका.' राग मानायलाही अंगात त्राण लागतं. एकदा काम दुसऱ्याच्या हातात गेलं की आपलं नाव त्यांच्या यादीतून अलगद गळतं, हे तिला ठाऊक होतं. मग जन्मभर खोकल्याच्या औषधांच्या बाटल्याच रंगवायच्या.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. बेल असताना टकटक कोण करतंय, असं पुटपुटत सासूबाईंनी दार उघडलं. दारात साठी उलटलेली, ताठ कण्याची एक बाई उभी होती. हातात वही.

"बेल वाजवायची सवय नाही हो मला. चाळीस वर्षं वॉर्डात काढली, सतत कुणीतरी झोपलेलं. सगळे सिस्टर म्हणतात. ती ढगांवरच्या शहराची गोष्ट माझी. फोन लागेना, म्हणून काल ऑफिसातून पत्ता घेतला."

फोन लागत होता. धाकटी उचलत नव्हती. तिला टेबलाखाली शिरावंसं वाटलं. पण सासूबाईंनी पाहुणीला थेट टॅबपुढे आणून बसवलं. "बघा आता तुम्हीच. माझं कोण ऐकतंय!"

सिस्टर पाहत राहिल्या. "शहर अगदी मनात होतं तसं झालंय. पण या आजी कोण?"

"म्हातारी."

"कुठली म्हातारी?"

"तुमच्याच गोष्टीतली. उडत येते ती."

सिस्टरांनी हातातली वही बाजूला ठेवली. "अहो, ती माणूस नाही! म्हातारी म्हणजे... बोंड फुटलं की वाऱ्यावर तरंगत येते ती. इवलंसं बी आणि वर पांढरे केस. लहानपणी फुंकर मारत पळायचो ना तिच्यामागे?" आणि त्यांनी रिकाम्या तळहातावर हलकेच फुंकर मारली.

सासूबाई पोट धरून खुर्चीतच बसल्या. "म्हणजे एकोणीस दिवस तू माझं नाक त्या बोंडाला चिकटवत होतीस?"

धाकटीला हसू फुटेना. सिस्टर ओशाळल्या. "चूक माझीच. नीट लिहून द्यायला हवं होतं. असं करू, मी गोष्टच बदलते. खरीखुरी आजीच उडू दे."

"नको," धाकटी म्हणाली. "आजीही मला कुठे जमलीय?"

तिने अकराही म्हाताऱ्या पुसून टाकल्या आणि शहरावरचं आभाळ मोकळं केलं. एक बी, वर केसांचा झुपका. शाळेतलं पोरही काढेल. तिने पहिला केस ओढला. जाड वाटला. दुसरा ओढला, ताठ वाटला. तिसरा, चौथा. सासूबाई चहा ठेवून गेल्या, त्यावर साय धरली. आभाळ रिकामं ते रिकामंच. मघापर्यंत निदान म्हातारीला बोल लावता येत होता. आता काय काढायचं ते लख्ख समोर होतं, आणि दोष द्यायला घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

सिस्टरांची नाडी बघायची सवय असलेली नजर पेनवर नव्हती, दुसऱ्याच हातावर होती. "तुमचा हा डावा हात काय करतोय मघापासून?"

धाकटीने खाली पाहिलं. डाव्या हाताची दोन बोटं काचेवर टेकली होती. तशी टेकवली की शेवटची रेघ पुसली जाते. उजवा हात रेघ ओढत होता, आणि ती पुरी होते न होते तोच डावा ती पुसत होता.

"मला तर आत्ताची चांगली वाटली होती," सिस्टर म्हणाल्या.

"मलाही," धाकटी म्हणाली. "पण तो ऐकत नाही हो माझं. मला कळायच्या आत पुसून मोकळा होतो."

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून गेले होते. तिने उजव्या हातातलं पेन घट्ट धरलं आणि डावा हात टेबलावरून सिस्टरांच्या पुढे सरकवला.

"सिस्टर, घाई नसेल तर एवढं करा. हा हात जरा धरून ठेवा."