दोन्ही टोकं वळलेली स्की

आखातातल्या आमच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या फ्लॅटच्या बाल्कनीत आधीच पाय ठेवायला जागा नव्हती. कढीपत्त्याची कुंडी, गावाहून आणलेली विळी, सुक्या सोड्यांचा डबा, ह्यांच्या जुन्या बॅगा. त्यात एका शनिवारी लेक दोन लांबलचक फळ्या घेऊन दारात उभी. कुणा मैत्रिणीने देश सोडताना आपली स्कीची जोडी हिच्या गळ्यात मारली होती. वाळवंटात राहून बर्फावर घसरायची हौस! मी कपाळावर हात मारला.

फळ्या उलटसुलट करून बघितल्या. स्कीचं पुढचं टोक वर वळलेलं असतं एवढं मला ठाऊक होतं, कारण लेक शाळेत असल्यापासून इथल्या मॉलमधल्या, मशीनने केलेल्या बर्फात जातेय. पण ह्या जोडीची दोन्ही टोकं वळलेली.

"ह्याचं तोंड कुठलं आणि ढुंगण कुठलं गो?" मी विचारलं.

"बोथ साइड्स सेम, अम्मी. ट्विन-टिप्स. यू कॅन गो बॅकवर्ड्स टू."

"उलटं कशाला जायचं? सरळ जाताना आपटतेस ते पुरे नाही का?"

ती हसली. वर म्हणाली, ही ऑल-माउंटन आहे, म्हणजे डोंगरावरच्या सगळ्या तऱ्हेच्या बर्फावर चालते. म्हटलं, बाय, डोंगर कुठाय? छप्पर घातलेला एक उतार, बाहेर पडलं की समोर शॉरमा. तिथे कसल्या आल्यात तऱ्हा, फ्रीझरमधला बर्फ तो फ्रीझरमधला बर्फ.

तिथे माझं चुकलं. पोरीने मला समोर बसवून धडाच दिला. सकाळी मशीनने विंचरून काढलेला बर्फ वेगळा, त्यावर स्की अलगद जाते, वळवली की वळते. दुपारपर्यंत लोक घसरून घसरून मधला भाग घासून टाकतात, तो कडक आणि चकचकीत होतो, तिथे हिची ही मऊ स्की धार नीट रोवत नाही, थरथरते. घासलेला सगळा चुरा कडेला ढिगाने साठतो. त्या ढिगात बारीक स्की रुतते, ही रुंद असल्याने वरून निघून जाते. खाली दाराजवळ ओलसर बर्फ, तिथे कुठलीही स्की जडच जाते. मी माझ्या सोयीने रवा, खडीसाखर आणि भिजवलेलं पीठ अशी नावं ठेवली, आणि संध्याकाळी ती आली की विचारायचे, "आज काय होतं गो, रवा की खडीसाखर?"

ईदच्या सुट्टीत ऑफिसमधल्या मुलींबरोबर ती जॉर्जियाला गेली, तेव्हा खरा डोंगर बघितला. गुडघाभर ताज्या बर्फात हीच जोडी तरंगत गेली म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रीत गोठलेल्या उतारावर दात वाजावेत तशी कडकडली. परत आल्यावर तिने निकाल दिला, "कशातच पहिली नाही अम्मी, पण कुठे अडतही नाही."

"म्हणजे तुझ्या अब्बांसारखी," मी म्हटलं. हे तेव्हा समोरच बसले होते. वर्तमानपत्र खाली केलं आणि पुन्हा वर घेतलं.

ह्यांची नोकरी अबुधाबीत. सोमवार ते शुक्रवार तिकडे खोली करून राहायचे, शुक्रवारी दुपारी नमाजनंतर बस धरून घरी. माणूस भला, हाताला सतत काम लागतं. घरी आले की नळ आवळ, बिजागरी घट्ट कर, विळीला तेल लाव. रत्नागिरीकडच्या खाऱ्या वाऱ्यात वाढलेला माणूस, लोखंड बघितलं की त्याला आधी गंज दिसतो. आमच्याकडे कोयती, विळी, आडकित्ता, सगळ्याला खोबरेल चोपडूनच ठेवतात. इथेही समुद्र आहेच, बाल्कनीत उन्हाळ्यात भिंतीसुद्धा घामाघूम होतात.

त्या वर्षी ह्यांची नोकरी संपायची होती. नोकरी संपली की व्हिसा संपला, खलास. मी ह्यांच्या व्हिसावर, लेकही ह्यांच्याच व्हिसावर. ती काम करत होती ते ऑफिस छोटं, व्हिसा द्यायला तयार नव्हतं. म्हणजे आम्ही गावी निघालो की तिलाही निघावं लागणार. मला त्यात वाईट काय ते कळत नव्हतं, खरं सांगते. गावचं घर दुरुस्त करून झालं होतं, तिची खोली रंगवून झाली होती. पण ती पोर इथे जन्मली, इथे शिकली. गावी जायची ती सुट्टीत, पाहुणी म्हणून. एकदा जेवताना म्हणाली, "अम्मी, मी तिथे जाऊन काय करू? मला तर तिथे रस्ता पण ओलांडता येत नाही." घास तसाच हातात धरून बसली होती.

मग त्या बर्फाच्या उतारावर शिकवणाऱ्यांची भरती निघाली. पक्की नोकरी, स्वतःचा व्हिसा. परीक्षा दोन भागांत. आधी स्वतः घसरून दाखवायचं, सरळ आणि उलटं. मग ज्याने कधी स्की पायाला लावली नाही अशा माणसाला शिकवून दाखवायचं, आणि तो माणूस आपला आपण आणायचा.

"मी?" मी ओरडलेच. "माझे गुडघे बघितलेस का?"

"तुझ्याइतकं बिगिनर कोण मिळणार मला?" ती म्हणाली. "प्लीज, अम्मी."

आदल्या दिवशी शुक्रवार. हे अबुधाबीहून आले, चहा घेतला आणि बाल्कनीत गेले. स्कीच्या कडांना लोखंडी पट्टी असते, तिच्यावर तांबूस डाग दिसले. मग काय विचारता! बाटली घेऊन बसले आणि जीव लावून दोन्ही फळ्या चोळल्या. कडा चोळल्या, हात फिरता फिरता खालची बाजूही चोळली. मी आतून बघत होते. म्हटलं, लेकीचं काहीतरी करायला मिळालंय, करू दे. लेक तेव्हा घरी नव्हती.

सकाळी आम्ही दोघी पोचलो. मला सलवार-कमीजवर तो लाल-निळा फुगीर सूट चढवला, डोक्याला स्कार्फ, वर हेल्मेट, पायात असले बूट की माणूस धड उभा राहील तर शपथ. पब्लिकला सोडायची वेळ अजून झाली नव्हती. परीक्षा घेणारी एक उंच, गोरी बाई होती, कमी बोलणारी. लेकीला वर पाठवलं. मी खाली उभी राहून थंडीने कुडकुडत बघत राहिले.

वरून निघाली तेव्हाच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. सोबत परीक्षा देणारा मुलगा सरसर पुढे गेला, ही काठ्यांनी ढकलतेय आणि स्की मध्येच धरतेय, सुटतेय, पुन्हा धरतेय. उलटं वळली आणि झटका बसून पाठीवर पडणारच होती. कशीबशी खाली आली तर चेहरा पांढराफटक. बाई नुसतं म्हणाली, बाकीच्यांचं होऊ दे, तुला आणखी एकदा बघते.

लेकीने स्की काढून उलट्या केल्या. खालच्या बाजूवर पांढुरका, मेणचट थर, त्यात बर्फाचे कण अडकलेले. "आय डोंट नो व्हॉट धिस इज, अम्मी. खाली घसरायला लावतात ते वॅक्स खराब झालं बहुतेक."

मला माहीत होतं. नाकाला वासही आला होता. घरात एसी जरा जास्त झाला तर बाटलीतलं खोबरेल थिजतं, मग ह्या बर्फात काय होणार? माझ्याच तर नवऱ्याने प्रेमाने चोपडलेलं.

आणि मी गप्प राहिले. किती वेळ ते सांगता नाही यायचं, पण राहिले. डोळ्यांसमोर गावची ती रंगवलेली खोली आली. मी काहीच बोलायचं नव्हतं. तिने वॅक्सला शिव्या द्यायच्या, नापास व्हायचं, आणि आम्ही तिघांनी एका विमानात बसायचं. कुणाला कधी कळलंही नसतं. मला ती हवी होती हो. एकुलती एक पोर, कुणाला नको असते?

तिने नाक पुसलं आणि मला म्हणाली, "सॉरी, तुला उगाच थंडीत आणलं."

तेवढ्यावर माझा जीव तुटला. म्हटलं, "अगो, तेल आहे ते! खोबरेल! तुझ्या अब्बांनी काल चोपडलंय. बघतेस काय, कार्ड काढ!"

ती आ वासून बघत राहिली. मग हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. "ओ माय गॉड, अब्बा!" मी तिचं मेट्रोचं कार्ड घेतलं, तिने कसलंसं दुसरं, आणि दोघी गुडघ्यांवर बसून खरवडायला लागलो. तेल थिजलेलं, त्यामुळे सालपटासारखं निघालं. राहिलेलं मी गळ्यातून स्कार्फचं टोक ओढून पुसून काढलं. यल्ला, यल्ला, चल लवकर, असं मीच तिला ढोसत होते.

दुसऱ्यांदा ती वरून आली ती मी जन्मात विसरणार नाही. विंचरलेल्या बर्फावर लांब लांब वळणं घेतली. बाकीच्या परीक्षावाल्यांनी एव्हाना घासून कडक केलेल्या मधल्या पट्ट्यावर स्की थोडी थरथरली, तिने गुडघे आणखी वाकवले आणि तोल धरला. कडेच्या ढिगात शिरली ती वरच्या वर निघाली. आणि मग ऐन उतारात गर्रकन फिरून उलटी आली. मागचं टोकही वळलेलं, त्यामुळे कुठे रुतेना. मी टाळ्या पिटल्या, हातमोज्यांचा आवाज झाला नाही ही गोष्ट वेगळी.

मग माझी पाळी. लहान मुलांसाठी असतो तो अगदी साधा उतार, पण मला कडेलोटच वाटला. लेक माझ्यासमोर उभी राहिली, पाठ उताराकडे, तोंड माझ्याकडे. "पायांकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ. टोकं जवळ, टाचा लांब, पिझ्झाच्या तुकड्यासारखं, म्हणजे थांबशील. पिझ्झा कर, अम्मी." ती उलटी घसरत होती आणि मी तिच्यामागून सुलटी. तेव्हा मला कळलं की उलटं कशाला जायचं. शिकणाऱ्याचा चेहरा दिसत राहतो, एवढ्यासाठीच. मध्येच मनात आलं, आत्ता इथे फतकल मारली की ही नापास, गुडघ्यांचं निमित्त आहेच. पण समोर तिचे डोळे होते. मी पिझ्झा केला. थांबले, धडपणे, न पडता. त्या कमी बोलणाऱ्या बाईनेसुद्धा अंगठा वर केला.

संध्याकाळी ती पास झाल्याचा फोन आला. ह्यांना आनंद मावेना. "बघितलंस? तेल लावलं म्हणून गेली ना सरसर!" आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. आजतागायत त्यांना खरं सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

तिचा व्हिसा झाला आणि मग आमचं निघायचं ठरलं. तिने दोन मैत्रिणींबरोबर खोली घेतली, स्की तिकडे गेल्या, बाल्कनी एकदम मोठी वाटायला लागली. विळी मी तिच्याकडेच ठेवली. म्हटलं, तेल हिला लाव, फळ्यांना नको.

एअरपोर्टवर ती दाराशी उभी राहिली, पुढे तिला सोडत नव्हते. तिने हात केला. हे ट्रॉली ढकलत पुढे निघाले. मी काही केल्या वळेचना. तोंड तिच्याकडे ठेवून एक एक पाऊल मागे टाकत गेले, ती गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत, आणि कुणाच्या तरी सामानाला जाऊन धडकले.

"पुढे बघून चाल गो," हे म्हणाले आणि त्यांनी माझा हात धरला.