टेलिफोनच्या बुडावरचा नंबर

मुलांनो, तुमच्यापैकी एकाने परवा आपलं काम मला समजावून सांगितलं. कॉम्प्युटर कुठल्याही खोलीत नेऊन जोडा, कारखान्यातच त्याला दिलेला नंबर नेटवर्कचा स्विच ओळखतो आणि त्याला ठरलेल्या गटातच टाकतो. गटाबाहेर त्याला कुणाशी बोलता येत नाही. "छान सोय आहे ना, आजी?" मी हो म्हटलं, पण दिवसभर राग काही उतरला नाही. त्याच्यावरचा नव्हे. कशावरचा, ते लिहिते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत टेलिफोन बोर्डावर होते. इंग्रजी चांगलं, म्हणून ती नोकरी मिळाली. बोर्डावर प्रत्येक टेलिफोनची एक झापडी होती. तिकडे कुणी फोन उचलला की ती पडे; मग दोर खोचून विचारायचं, कोण हवंय. टेलिफोनांचे तीन गट होते. पहिल्याला बाहेरगावचे फोन, दुसऱ्याला फक्त शहरातले, आणि तिसऱ्याला कचेरीबाहेरचं काहीच नाही. माझ्याकडची यादी खोल्यांप्रमाणे होती. पण साहेब लोक खोली बदलली की खुर्चीसारखा टेलिफोनही बरोबर नेत, आणि माझी यादी चुके. मग मीच सुचवलं की यादी टेलिफोनच्या बुडावर कोरलेल्या नंबराप्रमाणे करू या. टेलिफोन कुठेही जावो, गट त्याच्याबरोबर जाईल. लाल शाईने रेघा मारून मी रजिस्टर केलं. सगळ्यांनी वाहवा केली. ही युक्ती माझी होती, हे आधी सांगून टाकते.

वर्षभराने एक नव्या सहायक अभियंता आल्या. कचेरीतल्या पहिल्या बाई अधिकारी. घर पारशिवनीकडचं, छप्पन साली दीक्षा घेतलेलं. हेडक्लार्कने त्यांना गोदामातला टेलिफोन दिला. तो पूर्वी रेकॉर्डच्या खोलीत असे, म्हणजे तिसऱ्या गटातला. गट बदलायला हेडक्लार्कची सही लागे. मी रजिस्टर घेऊन गेले.

"यादी कोणी केली, बाई?"

"मीच."

"मग? नंबर पाहून गट ठरते, माणूस पाहून नाही. तुम्हीच म्हणत होत्या. आता काहून डोकं लावून राहिल्या?"

"पण त्या अधिकारी आहेत."

"त्याइले सांगा, रेकॉर्डातल्या उंदराइशी बोला म्हणा." दोन कारकून हसले.

त्याच महिन्यात दुसरे एक नवे अधिकारी आले. त्यांनाही त्याच गोदामातला टेलिफोन मिळाला, आणि मी विचारायच्या आत त्यांच्या नंबरापुढे पहिल्या गटाची सही झाली. जातीचा उच्चार कुणी केला नाही. करायची गरजच नव्हती, माझं रजिस्टर होतं.

अभियंता बाई स्वतः हे थट्टेवारी नेत. त्यांची झापडी पडली की म्हणत, "थर्ड क्लास बोलून राहिला, बाई. स्टोअर द्या." मीही हसत असे. दिल्लीच्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी त्यांचं नाव गेलं होतं. जागा एकच. "ते झालं तर पुलाच्या डिझाइनमध्ये जाईन," त्या मला म्हणाल्या होत्या. "नाहीतर जन्मभर खड्डे मोजा."

एके दिवशी अकरा वाजता दिल्लीचा ट्रंक कॉल आला. पहिलं नाव त्यांचं लागलं होतं. चारच्या आत स्वतः फोनवर होकार द्यायचा, नाहीतर जागा पुढच्या नावाला. माझ्या हातात दोर होता. तिसऱ्या गटाला बाहेरचा फोन जोडायचा नाही, निरोप लिहून हेडक्लार्ककडे द्यायचा, असा नियम. मी शुद्ध इंग्रजीत निरोप लिहिला, वर वेळ टाकली आणि पाठवला. त्याने तो पेपरवेटखाली ठेवलेला मला दारातून दिसत होता. दुपारी डबा धुवायला मी बाईंच्या दारावरून गेले. त्या नकाशावर वाकल्या होत्या. निरोप देणं माझं काम नाही, असं मनाशी म्हणत मी नळावर गेले आणि तशीच परत आले.

पाच वाजता चिठ्ठी हातात घेऊन त्या बोर्डापाशी आल्या.

"अकराला आला होता हा?"

"हो. पण नियम असा..."

"नियम मले माहीत आहे. दुपारी माझ्या दारावरून गेल्या तुम्ही, डबा घेऊन."

कुणाला न विचारता मी दिल्ली लावली आणि हेडफोन त्यांच्या हाती दिला. जागा यादीतल्या पुढच्या नावाला गेली होती. त्या ऐकत राहिल्या, इंग्रजीत आभार मानले आणि हेडफोन हळूच टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी सहीविना त्यांचा नंबर पहिल्या गटात लिहिला. मला मेमो मिळाला, पण एवढं झाल्यावर नंबर मागे घ्यायची कुणाची छाती झाली नाही. आता त्यांना हवा तो फोन मिळाला असता. त्यांनी एकदाही मागितला नाही. बाहेरगावी बोलायचं असलं की त्या समोरच्या पोस्टात जाऊन रांगेत उभ्या राहत. माझ्या खिडकीतून ती रांग दिसे.

एकदा हेडक्लार्कही खिडकीशी आला. "पाहा बाई, देऊनही घेता येत नाही लोकाइले," तो म्हणाला.

बाईंना माझ्या हातून काही नको होतं, हे त्या माणसाला सांगायची मला लाज वाटली.