ढोलीखालची फरशी

आमच्या शेजारच्या विमलाबाईंनी आयुष्यात मोजकं असं काही केलं नाही. विहारातल्या भोजनदानाला भात त्यांच्या हातचा असला, की जेवणारे संपतात, भात संपत नाही. त्यांचे पती यादोराव मात्र एसटीतले निवृत्त कंडक्टर. लागेल तेवढंच, हा त्यांचा बाणा.

लेकीचं, मनालीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, घरीच, नव्या टाइल्सवर व्हावं, एवढी एकच विमलाबाईंची हौस. यादोरावांनी टेप लावून बैठकीची खोली मोजली आणि भंडाऱ्याच्या दुकानात बरोबर तेवढ्याच पेट्या सांगितल्या.

"अजून चार द्या जी," विमलाबाई म्हणाल्या.

"काहून वं? टाइल्स का भात होय, उरल्या तर वाटून देशीन?"

"काही फुटतीन, काही कापा लागतीन. अन् जे आत्ता आठवून नाही राहिलं, त्याच्यासाठीबी लागतेच ना!"

"जे आठवतच नाही त्याचं माप कसं घेशीन?"

विमलाबाई त्या चार पेट्यांवर जाऊन बसल्या. टेम्पोत चढवायचं कबूल होईपर्यंत उठल्या नाहीत. दुकानदारानं बिचाऱ्यानं चहा मागवला.

साक्षगंध तोंडावर आलं. मंगरू मिस्त्रींनी खोली जवळजवळ संपवली आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "काकाजी, ढोली हटवा."

बांबूची, शेणमातीनं लिंपलेली ती धानाची ढोली यादोरावांच्या लग्नाआधीपासून तिथे उभी. तिच्याखालीही जमीन असते, हे त्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. यादोरावांनी माप घेतलं होतं ते तिला वळसा घालून. खरं सांगायचं तर विमलाबाईंनाही ती आठवली नव्हती!

धान पोत्यांत गेलं, ढोली अंगणात गेली आणि चकचकीत खोलीत मातीचं भलंमोठं वर्तुळ उरलं. दुकानात फोन केला, तर त्या रंगाचा माल संपलेला. यादोराव टेप काढून ते वर्तुळ मोजू लागले.

"मिस्त्री," विमलाबाई पदर खोचत म्हणाल्या, "पलंगाखालच्या त्या चार पेट्या काढा."

कोपरा भरला. वर एक पेटी उरलीसुद्धा.

साक्षगंधाला व्याही नेमके त्याच कोपऱ्यात बसले. "काम झकास झालं," ते म्हणाले. "माप बरोबर घेतलं दिसते."

यादोरावांनी घसा साफ केला. आम्ही शेजाऱ्यांनी कान टवकारले.

"माप मीच घेतलं होतं जी, म्हून कमी पडलं. पुरवलं मनालीच्या मायनं."

स्वयंपाकघरातून विमलाबाई लगबगीनं बाहेर आल्या. "काय म्हणता? मागं बसलेल्या पाहुण्यायले आयकू नाही आलं."

यादोरावांनी ते पुन्हा सांगितलं. उभं राहून, मोठ्यानं.