जावयाचे धोंडे

"किती छान रमलात हो तुम्ही," असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. बायको गेल्यापासून हे वाक्य मला सगळीकडे ऐकायला मिळतं. सकाळी कॅनॉलच्या कडेनं फिरायला येणारी मंडळी म्हणतात, वाचनालयातल्या बाई म्हणतात, समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी तर उठता-बसता म्हणतात. एखादा रमला की बाकीच्यांची सुटका होते, दुसरं काही नाही.

नोकरीत होतो तोवर घरात मी चहासुद्धा केला नव्हता. बायको गेल्यावर काही दिवस डबा लावला. त्या डब्यातली भाजी कुठलीही असो, चव एकच. एके दिवशी डबा तसाच परत पाठवला आणि रागाच्या भरात पीठ मळायला बसलो. माझा स्वयंपाक असा रागातून सुरू झाला. पहिल्या भाकऱ्यांचे तुकडे मी आमटीत बुडवून गपचूप गिळले. मग हळूहळू हात बसला. दुपारी गॅलरीत पुस्तक घेऊन बसायला लागलो. एकांताची थोरवी सांगणारी पुस्तकंही वाचली. ती लिहिणाऱ्यांची घरं माणसांनी गच्च भरलेली असणार, त्याशिवाय एकांताचं एवढं कौतुक सुचायचं नाही.

खोटं कशाला बोलू, या सगळ्यानं दिवस निघाले. पण त्यातली मेख कोणाला ठाऊक नव्हती. कॅनॉलवर भारद्वाज दिसला की मी तो रविवारसाठी राखून ठेवायचो. पुस्तकात काही आवडलं तर तेही रविवारसाठी. कारण रविवारी माझी मुलगी यायची, पाथर्डी फाट्यावरून, जावयाच्या गाडीवर मागे बसून. तिला सांगायला काहीतरी हवं म्हणून मी आठवडाभर बघत, वाचत, शिजवत होतो. ती एकुलती एक आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात जावयाला कंपनीनं बेंगळुरूला बोलावलं. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला एकटं टाकून जायला माझं मन होत नाही. बघू, महिनाअखेरीपर्यंत ठरवू." मी म्हटलं, "ठरवा की." मनातून वाटत होतं, हिनं आपणहून नाही म्हणावं. 'राहा' असं तोंडानं सांगायचं म्हणजे पोरीच्या संसारात पाय घालायचा. ते माझ्यानं होणार नव्हतं.

त्यातच अधिक महिना लागला. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात आणि त्यात लेक-जावयाला जेवायला बोलवायचं असतं. कणकेच्या गोळ्यात पुरण भरून तो उकडायचा, वर तूप सोडायचं, तो धोंडा. हे काम सासूचं. सासू नसली तर काकू, मामी, आत्या कोणीतरी पदर खोचून उभी राहते. सासऱ्यानं धोंडे केल्याचं कोणी ऐकलेलं नाही.

समोरच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊ, मी येते ना करायला. नाहीतर पोळीभाजी केंद्रात सांगून टाका. पुरण म्हणजे काय खिचडी आहे का?"

झालं. मी हट्टाला पेटलो. आधी एकदा करून बघितले, तर पुरण सैल राहिलं आणि धोंडे पाण्यातच फुटून त्यांची खीर झाली. ती खीर दोन दिवस मीच संपवली. पुढच्या खेपेला पुरण इतकं आटवलं की पातेल्यात उलथनं उभं राहिलं.

जेवणाच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. जावयाला मी स्वतः कुंकू लावलं, नवा शर्ट हातात दिला. काळ्या मसाल्याची रशी, भजी, कुरडई, आणि ताटाच्या मधोमध धोंडे. जावई लाजत होता, पण जेवला पोटभर. मुलीनं एक धोंडा फोडला, खाल्ला आणि म्हणाली, "आईचे फुटायचे कधीकधी. तुमचा एकही फुटला नाही, बाबा."

एवढं कौतुक मला नोकरीत कोणी कधी केलं नव्हतं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. कणीक किती घट्ट मळायची, पाण्याला उकळी कशी हवी, सगळं रंगवून सांगत सुटलो. तेवढ्यात ती उठून घरभर फिरली. मसाल्याचा डबा उघडून पाहिला, फ्रिज पाहिला, उशाशी ठेवलेली पुस्तकं उलटसुलट करून पाहिली. ती कौतुकानं बघतेय असं मला वाटलं. मग माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "बाबा, आम्ही गेलो तर करमेल ना तुम्हाला?"

या प्रश्नाची मी कितीतरी दिवस वाट पाहत होतो. उत्तरही तयार होतं. फक्त 'नाही' म्हणायचं होतं. पण नुकतीच एवढी वाहवा झालेली, समोर जावई बसलेला, आणि कॅनॉलवरच्या लोकांना रोज तेच सांगून जिभेला वळण पडलेलं.

"मला काय धाड भरलीये? बिनधास्त जा," मी म्हणालो.

तिनं माझा हात दाबला. तिचे डोळे भरले होते आणि चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसत होतं. चारच्या सुमारास ती दोघं निघाली. मी उरलेले धोंडे डब्यात भरून दिले.

आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात हळू बोललेलंही वरपर्यंत ऐकू येतं. खाली उतरताना ती नवऱ्याला म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं? बाबांना आता कोणाची गरज नाही."

मी दारात उभा होतो. आणि सांगायला लाज वाटते, पण ते ऐकून आधी माझी छाती फुगली. रडू आलं ते मागाहून, तीन ताटं घासताना.