मावशीच्या पायाला करंट लागेना

आज पोलादपूरला मावशीकडे गेले होते. तिला मधुमेह आहे. गेले दोन महिने ती रोज करंटच्या मशीनवर पाय ठेवून बसते. मशीन विकणाऱ्याने शिबिरात सांगितलं होतं, "पायाला मुंग्या येतील. मुंग्या थांबल्या की समजा, साखर गेली."

आज मावशी खुशीत होती. "आता कायच लागत नाय गो. गोळ्या पन बंद केल्या मी."

मशीनचं बटण शेवटच्या, सगळ्यात जोराच्या नंबरावर होतं. मी माझा पाय ठेवला आणि झटक्यात मागे ओढला. करंट येत होता, साखरेने बधीर झालेल्या तिच्या पायालाच कळत नव्हता. तळव्याला फोड आला होता, तोही तिला माहीत नव्हता.

तशीच तिला रिक्षात बसवून महाडला डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या परत चालू झाल्या. रविवारी पुन्हा शिबिर आहे. मी जाणार आहे, आणि त्या मशीनवाल्याला सगळ्यांदेखत याचा जाब विचारणार आहे.

"म्हाताऱ्यांना बरं वाटतं, तुझं काय जातं?" असं म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. आज घरी जाऊन आपल्या म्हाताऱ्यांना विचारा, बरं वाटतंय, की काहीच वाटत नाहीये?