म्हसोबावर हात ठेवून

हे मी कोणालाही सांगितलेले नाही. बायकोला नाही, आणि कोर्टातल्या वकिलांच्या ज्या बाररूममध्ये उभे आयुष्य काढले तिथे तर नाहीच. आजही सांगितले नसते. पण टेकाडाच्या त्या दाव्याविषयी नाशकात जे बोलले जाते, ते आता ऐकवत नाही. कोणी म्हणते, खाणवाल्या शेठने मोजणीदार फोडला. कोणी म्हणते, न्यायाधीश. दोन्ही खोटे! कोणालाही फोडावे लागले नाही. तो दावा मी जिंकला. कसा — ते ठाऊक असलेला मी एकटाच उरलो आहे.

नव्वदचे दशक सरत आले होते. जिकडेतिकडे रस्त्यांची कामे निघाली होती आणि खडीला मागणी होती. शहराबाहेर एका सरकारी गटात शेठचा खाणपट्टा होता. लगतचा गट पार्वताबाईंचा — विधवा बाई, शेवंती-झेंडू पिकवून फुलबाजारात विकणारी. मध्ये काळ्या दगडाचे टेकाड. ते कोणाच्या गटात, एवढाच वाद. शेठच्या बाजूला गेले तर सुरुंग लागणार आणि फुलांवर क्रशरची धूळ बसणार, हे उघड होते. जुन्या हद्दीची खूण एकच राहिली होती : टेकाडापलीकडच्या, खाणीच्या बाजूच्या बांधावरचा शेंदूर फासलेला म्हसोबा. तो मूळच्या जागी असेल, तर टेकाड पार्वताबाईंचे.

आता जे कोणाच्याच हकिगतीत नाही ते सांगतो. पार्वताबाई आधी माझ्याकडे आल्या होत्या.

परडीभर शेवंती टेबलावर ठेवून त्यांनी सांगितले, की नवरा असताना एका पावसाळ्यात बांध खचला, म्हसोबा कलंडला, आणि दोघांनी तो उचलून जागच्या जागी बसवला. "वकीलदादा, यानं काही बिघडंल का?"

काय बिघडणार होते? कोणताही बरा वकील ही गोष्ट पहिल्याच दिवशी न्यायालयापुढे मांडून मोकळा झाला असता. मी काय सांगितले? — हे कोणापाशीही बोलू नका. दुसरा वकील केलात तर त्याच्यापाशीही नाही. मग म्हणालो, मला वेळ नाही. फुले ठेवून घेतली.

तो सल्ला होता का? शेठचा निरोप मला त्याच सकाळी आला होता. आता तुम्हीच ठरवा.

पुढे न्यायालयाने नेमलेले कमिशनर जागा पाहायला आले. पार्वताबाईंचा वकील तरुण, निर्धास्त. शेठचा वकील मी. मी पार्वताबाईंना म्हसोबापाशी नेले. साक्षीच्या पिंजऱ्यातल्या शपथेवर माणसे काय काय बोलतात, ते मी रोज पाहत होतो. पण ही बाई या दगडावर हात ठेवून खोटे बोलणार नाही, याची मला खात्री होती. हात ठेवायला लावला. विचारले, हा दगड तुम्ही कधी उचलला होता का?

त्यांनी माझ्याकडे पाहिले. किती वेळ? — मी नजर हटवली नाही.

"उचलला व्हता. पर जागच्या जागीच—"

"तेवढंच विचारलंय, बाई." आणि कमिशनरांकडे वळून म्हणालो, "म्हणजे देव फिरतीवर असतो म्हणायचा!"

शेठची माणसे खदखदून हसली. कमिशनरही हसले. खरे सांगायचे तर त्या वाक्याचा मला कित्येक वर्षे अभिमान होता.

पार्वताबाईंचा वकील तिथेच, सगळ्यांदेखत त्यांच्यावर ओरडला — "हे मला का नाही सांगितलं, मावशी?" मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. त्या माझ्याकडे बोट दाखवू शकत होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि गप्प राहिल्या. कोणापाशीही बोलू नका, असे वकिलाने सांगितले होते ना? त्या माझा शब्द पाळत होत्या.

टेकाड सरकारी गटात ठरले. काही वर्षांत तिथे खड्डा झाला. शेवंतीच्या पाकळ्यांवर राखेसारखी धूळ बसू लागली आणि बाजारात त्यांच्या परडीकडे कोणी ढुंकूनही पाहीना. त्या गेल्या तेव्हा मला कळले होते. मी गेलो नाही.

त्यांचा पुतण्या अधूनमधून भेटतो, वाकून नमस्कार करतो. त्याची हकिगत आणखी वेगळी : चुलती म्हणायची, देवच माझ्याविरुद्ध साक्षीला उभा राहिला. म्हणून त्या घराने म्हसोबाला शेंदूर लावणे बंद केले. खाणीच्या मजुरांनी फोडायला नकार दिला, तेव्हापासून तो दगड खड्ड्याच्या काठावर उघडा, काळा पडून आहे.

हीही हकिगत खोटी आहे. त्या देवाने काहीही केले नव्हते.