कोमट मध

माझे यजमान गेल्यावर राजा पार्कच्या घरातली त्यांची खोली मी बंद केली. ऑक्सिजनचं मशीनही परत दिलं. तरी महिन्याभरानं दाराआडून मशीनची तीच घरघर ऐकू येऊ लागली. उघडून पाहिलं, तर खिडकीबाहेर छज्ज्याला मधमाश्यांचं मोठं पोळं लटकलं होतं. मला तो आवाज सोसवेना, म्हणून जवळच्या बस्सी गावाहून मध काढणाऱ्याला बोलावलं.

तो पन्नाशीचा, सडपातळ माणूस होता. डंख खाऊन बोटं जाड झालेली. आधी त्यानं खिडकीच्या काचेला कान लावला आणि बराच वेळ हलला नाही. मग हळूच विचारलं, "अंदर कोई सो रहा है क्या?"

"नहीं भैया. कमरा खाली है."

त्यानं रिकाम्या पलंगाकडे पाहिलं, पण पुढंही कुजबुजतच बोलत राहिला. पोळ्यात पिल्लं आहेत, उतरवलं तर सगळी मरतील, म्हणाला. "बोलो, पूरा उतारूँ?"

उत्तराची वाट न पाहता त्यानं धूर करून वरचा मधाचा तुकडा तेवढा कापला आणि माझ्यापुढे धरला. पहिलं बोट घरच्या माणसानं चाटायचं, अशी त्याची रीत होती.

"चोरी है, भाभीजी. अकेले मेरे सिर क्यों रहे?"

मी बोट बुडवून चाटलं. मध कोमट होता, जिवंत अंगाइतका. शेवटचा श्वास गेल्यावरही यांचा हात थोडा वेळ असाच होता.

"बाकीचं राहू द्या," मी मराठीतच म्हणाले. त्याला ते कळलं. त्यानं सुरी पुसून ठेवली.